कॉफीवरचा तांबेरा : आधी पान उलटून पाहा

रोपवाटिकेत येणारे अनेकजण खिशातून पिवळे डाग पडलेलं पान काढतात आणि विचारतात, "याला कोणतं खत घालू?" आम्ही पान उलटतो. खालच्या बाजूला, डागाच्या बरोबर मागे, नारिंगी पूड साचलेली असते आणि बोट फिरवलं की हळदीसारखी बोटाला लागते. मग खताचा विषय तिथेच संपतो, कारण हा तांबेरा असतो.

रोग बुरशीचा आहे. तिचं शास्त्रीय नाव हेमिलिया व्हास्टाट्रिक्स. बोटाला लागलेली पूड म्हणजे तिचे बीजाणू. त्यांची एक बाजू काटेरी आणि दुसरी गुळगुळीत असते. 'हेमिलिया' म्हणजे अर्धी गुळगुळीत. एकेका डागातून लाखावर बीजाणू सुटतात. पावसाचे थेंब, वारा, काढणीच्या टोपल्या आणि आपले कपडे त्यांना एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात.

बीजाणू रुजायला पानावर काही तास पाणी टिकावं लागतं. २१ ते २५ अंश सेल्सिअस तापमान त्याला फार मानवतं. बुरशी आत शिरते ती फक्त पर्णरंध्रांतून, म्हणजे पानाच्या बारीक छिद्रांतून, आणि कॉफीची पर्णरंध्रं पानाच्या खालच्या बाजूला असतात. म्हणून वरून फवारून पान निळसर दिसलं, तरी औषध जिथे हवं तिथे पोहोचलेलंच नसतं. नोझल खालून वर धरा. हात भरून येतात, पण त्याला इलाज नाही.

नुकसान उशिरा कळतं, हीच या रोगाची खोड. बुरशी सहसा फळाला हात लावत नाही, पानं गाळते. त्यामुळे यंदाचं पीक कसंबसं पदरात पडतं आणि "निभावलं" असं वाटतं. पण अरेबिका या कॉफीच्या प्रकाराला फळं धरतात ती मागच्या हंगामात वाढलेल्या फांदीवर. पानांविना ती फांदी वाढत नाही, शेंड्याकडून वाळते, आणि फटका पुढच्या वर्षी बसतो. फळांनी लगडलेलं झाड तांबेऱ्याला जास्त बळी पडतं, तेव्हा भरघोस वर्षी जास्त सावध राहा.

सिलोनमध्ये (आजच्या श्रीलंकेत) १८६९ साली हा रोग नोंदला गेला आणि पुढच्या दोनेक दशकांत तिथली कॉफी जाऊन चहा आला. ब्राझीलमध्ये तो १९७० मध्ये सापडला, हवाईत २०२० मध्ये. मध्य अमेरिकेतली २०१२-१३ ची साथ तर अनेकांना आठवत असेल.

बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक जुनं असलं तरी आमचा भर त्यावरच आहे. ०.५ टक्क्याचं करायचं तर १०० लिटरला ५०० ग्रॅम मोरचूद आणि साधारण तेवढाच चांगला चुना घ्या. दोन्ही प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत विरघळवा आणि मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ढवळत ओता. त्यात स्वच्छ लोखंडी खिळा मिनिटभर बुडवून पाहा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे. तसंच फवारलं तर पानं करपतील. मिश्रण त्याच दिवशी संपवा. हे औषध आधी कवच घालतं, आत शिरलेल्या बुरशीला मारत नाही. म्हणून पहिली फवारणी पाऊस सुरू होण्याआधी करा. रोग दिसायला लागल्यावर हेक्झाकोनॅझोलसारखं आंतरप्रवाही, म्हणजे पानाच्या आत शिरून काम करणारं औषध लागतं. तुमच्या भागात कॉफीसाठी नोंदणी असलेलंच वापरा. छाटणी करून झाड मोकळं ठेवलंत तर पानं लवकर सुकतात, तेही निम्मं काम आहे.

आता आमच्याच मालाबद्दल. आम्ही तिमोर संकरापासून (अरेबिका आणि रोबस्टा या कॉफीच्या दोन प्रकारांच्या नैसर्गिक संकरापासून) आलेल्या प्रतिकारक जातींची रोपं विकतो, पण जन्मभराची हमी देत नाही. बुरशी नवे प्रकार घडवत राहते. होंडुरासमध्ये लेम्पिरा ही जात प्रतिकारक म्हणून मोठ्या प्रमाणावर लावली गेली होती. २०१७ मध्ये तिच्यावरही तांबेरा आढळला. रोबस्टा बरीच तग धरते, मात्र तिची चव वेगळी.

शेवटी एक विनंती. पान दाखवायला जरूर आणा, पण खिशातून नको. प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि ती फाटकाजवळच्या टेबलावर ठेवा. तिथे येऊन आम्ही बघू. रोपांच्या वाफ्यांकडे बागेतल्या कपड्यांनिशी जाऊ नका.