मोहाचा वास, पाडव्याचा हिशेब आणि मेंदू

“नागपूरला राहून दारू सोडून आला, तब्येत सुधारली, अन् आठ दिवसांत पुन्हा भट्टीवर. मनाचाच कच्चा!” विदर्भातल्या कुठल्याही गावात, पानठेल्यावर हे ऐकायला मिळतं. हकिकत बहुतेक वेळा खरी असते, निष्कर्ष मात्र चुकीचा. आणि त्यापायी बरी होऊ शकणारी कितीतरी माणसं पुन्हा कामाधंद्याला लागत नाहीत.

शाळेत आपण पावलोवचे कुत्रे शिकलो. ठरावीक आवाजानंतर खाणं मिळतं हे कळलं की नुसत्या आवाजानं लाळ सुटते. खाणं न देता आवाज करत राहिलं की लाळ थांबते. धडा इथं संपतो, पण खरा शोध याच्या पुढचा आहे. काही वेळ मध्ये जाऊ दिला की तीच लाळ परत सुटते, हे पावलोवलाच दिसलं होतं. जुनं शिकणं पुसलं गेलेलं नव्हतंच!

पुढे मार्क बाउटन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं उंदरांवर यातलं मर्म दाखवलं. एका पिंजऱ्यात शिकवलेली भीती दुसऱ्या पिंजऱ्यात घालवली, तर पहिल्या पिंजऱ्यात परत नेताच ती उफाळते. कळ दाबून अमली पदार्थ मिळवायला शिकलेल्या उंदरांचंही तसंच. आपल्या मेंदूत जुन्या जोडण्या अमिग्डाला या भावनांशी निगडित भागाभोवती टिकून असतात. कपाळामागचा भाग त्यांच्यावर ब्रेक लावायला शिकतो. पण हा ब्रेक लागायचा की नाही, यात हिप्पोकॅम्पसचा मोठा हात असतो, कारण आपण आत्ता कुठे आहोत याची नोंद तो ठेवतो. नागपूरच्या खोलीत शिकलेला ब्रेक गावच्या फाट्यावर ढिला पडतो तो असा.

याची उलटी बाजू व्हिएतनाम युद्धात दिसली. १९७१ साली परतलेल्या अमेरिकी सैनिकांचा ली रॉबिन्स यांनी अभ्यास केला. तिकडे हेरॉइनच्या आहारी गेलेल्यांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकले ते जेमतेम ५ टक्के. इतरही कारणं होती, पण व्यसन लागलं ते ठिकाण हजारो मैल मागे राहिलं होतं. आपला माणूस दारू गावात शिकतो, सोडतो शहरात आणि परततो गावातच.

त्यात चैत्र. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचं, साल पाडव्याला संपतं, हिशेब होतो, हातात पैसा येतो, पुढच्या सालाची बोली होते. नेमकी तेव्हाच मोहफुलं गळतात. मोह वेचणं हा अनेक घरांचा रोजगार आहे, त्याला कोण नावं ठेवेल? पण दारूसाठी आंबवलेल्या मोहफुलांच्या सडव्याचा आंबूस-गोड वास वाऱ्यावर आला की व्यसनातून उठलेल्याची परीक्षा सुरू होते. डोळ्यांनी पाहिलेलं मेंदूतल्या थॅलॅमस नावाच्या थांब्यावरून पुढे जातं. वास हा थांबा न घेता थेट अमिग्डालापर्यंत पोचतो. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, आणि दारूचं दुकान डोळ्यांसमोरून हटलं तरी आठवण करून देणारी एक खूण कमी होते. वासावर मात्र बंदी घालता येत नाही. म्हणून बरं झालेल्या सालदाराचा हिशेब रोख न देता खात्यावर टाकावा, आणि समुपदेशकानं त्याच्यासोबत बाजाराच्या रस्त्यानं, भट्टीसमोरून चालून यावं. ब्रेक जिथे लागायला हवा, तिथेच तो शिकवावा लागतो.

दारू एकदम बंद केल्यावर काय होतं, तेही सांगायला हवं. दारू मेंदूला शांतवणाऱ्या गॅबा या रसायनाचं काम वाढवते आणि उत्तेजित करणाऱ्या ग्लुटामेट या रसायनाचं काम दाबते. रोजच्या दारूला मेंदू उलटा जोर लावून उत्तर देतो. दारू अचानक थांबली की तो जोर मोकळा सुटतो. हात थरथरतात, झटके येतात, दोन-तीन दिवसांत भिंतीवर किडे, माणसं दिसू लागतात. घरचे “बाहेरचं लागलं” म्हणत मांत्रिकाकडे नेतात. यात जीव जाऊ शकतो; जागा दवाखान्याची आहे. आणि “भाजीत मिसळा, नकळत दारू सुटेल” अशा पावडरींवर पैसे घालवू नका. डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचं खरं औषधसुद्धा रुग्णाला सांगूनच देतात, कारण त्यावर दारू प्यायली तर शरीरात अॅसिटाल्डिहाइड हा विषारी पदार्थ साचून रक्तदाब कोसळू शकतो.

सोबत क्षयरोग असेल तर गाडं आणखी अडतं. आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड ही औषधं दारूनं आधीच दुखावलेल्या यकृतावर ताण देतात. अशा माणसाला जिनिंगमध्ये कापसाच्या धुळीत गाठी उचलायला लावू नये. तोलकाट्याची नोंद, चौकीदारी, रोपवाटिकेतलं काम त्याला झेपतं.

काम हा स्वतःच उपचाराचा भाग ठरतो, हे अमेरिकेत बाल्टिमोरमध्ये संशोधक केनेथ सिल्व्हरमन यांच्या प्रयोगांनी दाखवलं. व्यसनमुक्त असल्याची लघवी-तपासणी, मगच कामावर प्रवेश आणि मजुरी. या अटीनं माणसं टिकली. अट आणि काम संपल्यावर मात्र अनेकांत परिणाम ओसरला. म्हणून गावात कुणी अशा माणसाला काम देणार असेल, तर पेरणीपुरतं न देता पूर्ण सालाचं द्यावं, आणि पाडव्याची बोली फुलं गळायच्या आधीच, फाल्गुनात, पक्की करून टाकावी.