रुग्णालयीन चॅप्लेन

रुग्णालयात दाखल झालेले रुग्ण, त्यांचे आप्त आणि तेथील कर्मचारी यांना आजारपण, मृत्यू, शोक व उपचारांविषयीचे नैतिक पेच अशा प्रसंगी धार्मिक वा आध्यात्मिक आधार देण्यासाठी नेमलेल्या प्रशिक्षित व्यक्तीस रुग्णालयीन चॅप्लेन म्हणतात. सैन्यदले, तुरुंग व विद्यापीठे यांतही चॅप्लेन असतात. प्रस्तुत नोंद रुग्णालयापुरती आहे. ‘धर्मगुरू’ किंवा ‘पुरोहित’ हे मराठी प्रतिशब्द येथे तोकडे पडतात, कारण उपदेश आणि विधी ही या कामाची अंगे असली, तरी आज तो त्याचा गाभा मानला जात नाही. त्यापेक्षा ‘शुश्रूषा’ हा शब्द अधिक जवळचा वाटतो. ‘श्रु’ या धातूच्या इच्छार्थक रूपापासून बनलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ असा असून सेवा हा अर्थ त्याला मागाहून आला आहे.

‘चॅप्लेन’ ही संज्ञा लॅटिन ‘कापेल्लानुस’ या शब्दापासून आली, याविषयी मतभेद नाही. ‘कापा’ म्हणजे झगा आणि ‘कापेल्ला’ म्हणजे लहान झगा. फ्रान्समधील तूर नगराचा बिशप संत मार्टिन (मृत्यू ३९७) सैन्यात असताना त्याने आम्येँ नगराच्या वेशीपाशी आपला झगा तलवारीने कापून अर्धा एका उघड्या भिकाऱ्याला दिला, अशी कथा त्याचा चरित्रकार सुल्पिसियस सेव्हेरस याने दिली आहे. फ्रँक राजांनी मार्टिनचे वस्त्र पवित्र अवशेष म्हणून जपले. त्याचे राखणदार ते ‘कापेल्लानी’ आणि ते ठेवण्याचे स्थान ते ‘कापेल्ला’, म्हणजे चॅपेल, असे सामान्यतः सांगितले जाते. अडचण अशी की, सेव्हेरस त्या झग्यासाठी ‘क्लामिस’ हा वेगळा शब्द योजतो आणि तो अवशेष म्हणून जपला गेल्याचा उल्लेख करीत नाही. या वस्त्रावर शपथ घेतल्याचे दाखले मेरोव्हिंजियन या फ्रँक राजघराण्याच्या दस्तऐवजांत सातव्या शतकाच्या उत्तरार्धापासून, म्हणजे मार्टिनच्या मृत्यूनंतर सुमारे पावणेतीनशे वर्षांनी मिळतात. त्यामुळे राजांपाशी असलेले वस्त्र तोच अर्धा झगा होता की मार्टिनच्या नावावर चालत आलेले दुसरे एखादे, हे ठरवता येत नाही. व्युत्पत्ती मात्र त्याने बाधित होत नाही. ती वस्त्राच्या अस्सलपणावर नव्हे, त्याच्याभोवती निर्माण झालेल्या पदावर आधारलेली आहे.

मध्ययुगीन यूरोपातील रुग्णालये बहुधा चर्चच्याच आश्रयाने चालत असल्यामुळे तेथे पुरोहित असणे वेगळे नमूद करण्याजोगे नव्हते. पापनिवेदन ऐकणे, ख्रिस्तप्रसाद देणे आणि आजाऱ्यास पवित्र तेल लावणे ही त्याची मुख्य कामे होत. रोम येथे १२१५ मध्ये भरलेल्या चौथ्या लॅटरन या चर्चच्या परिषदेचा बाविसावा नियम या संदर्भात लक्षणीय आहे. वैद्याने रुग्णाकडे जाताच प्रथम ‘आत्म्याच्या वैद्यांना’, म्हणजे पुरोहितांना, बोलावण्यास सांगावे, असे त्यात फर्मावले आहे. त्यामागे शरीराचा आजार कधी पापातून उद्भवतो ही धारणा आहेच. पण दुसरे कारण अधिक व्यावहारिक आहे. आजार बळावल्यावर पुरोहिताला बोलवा म्हटले की रुग्ण हाय खातो, म्हणून ते आधीच सांगितलेले बरे. चॅप्लेन खाटेपाशी आला म्हणजे शेवट जवळ आला, ही समजूत आजही अनेक वॉर्डांत आढळते.

सांप्रतच्या व्यवसायाचा आरंभ मात्र विसाव्या शतकातील अमेरिकेत शोधावा लागतो, आणि त्याच्या जनकत्वाविषयी एकमत नाही. सिनसिनाटी येथील वैद्य विल्यम केलर यांनी १९२३ च्या उन्हाळ्यात ईश्वरविद्येचे विद्यार्थी समाजसेवी संस्थांत कामाला लावले, म्हणून काही लेखक त्यांना अग्रमान देतात. बोस्टनचे वैद्य रिचर्ड कॅबट यांनी १९२५ मध्ये वैद्यकीच्या धर्तीवर ईश्वरविद्येच्या अभ्यासक्रमातही रुग्णसान्निध्याचे एक वर्ष असावे असा आग्रह धरला. बहुसंख्य अभ्यासक तथापि अँटन बॉइसन (१८७६–१९६५) यांच्याकडे वळतात. हे पाद्री १९२० मध्ये स्वतः तीव्र मनोविकाराने ग्रस्त होऊन मनोरुग्णालयात राहिले होते. १९२४ मध्ये ते मॅसॅच्युसेट्समधील वुस्टर राज्य रुग्णालयात चॅप्लेन झाले आणि पुढच्याच उन्हाळ्यात त्यांनी विद्यार्थ्यांचा पहिला छोटा गट तेथे घेतला; मनोकायिक, म्हणजे मन व शरीर यांच्या परस्परसंबंधाच्या, वैद्यकात पुढे नाव मिळवलेल्या हेलन फ्लँडर्स डनबार त्यांच्या आरंभीच्या विद्यार्थ्यांपैकी होत. ग्रंथांप्रमाणेच माणूस हाही वाचावयाचा ‘जिवंत मानवी दस्तऐवज’ आहे, हे बॉइसन यांचे सूत्र होते. काही मनोविकार म्हणजे व्यक्तीचा नव्याने सावरण्याचा धार्मिक प्रयत्न असतो असे ते मानीत, तर कॅबट यांना मनोविकार शारीरिक कारणांचेच वाटत. या मतभेदातून प्रशिक्षणाचे दोन प्रवाह झाले आणि १९६७ मध्ये ते एका राष्ट्रीय संघटनेत विलीन झाले. कल्पना मांडण्याचा मान कोणालाही दिला, तरी रुग्ण हा शिकवण्याचा विषय नसून शिकवणारा आहे, ही दृष्टी बॉइसन यांच्याकडूनच आली, असे म्हणणे वावगे ठरू नये.

या प्रशिक्षणाचे एक सत्र अमेरिकेत किमान ४०० तासांचे असते. त्यातील प्रमुख साधन म्हणजे शब्दशः संवादनोंद: भेटीनंतर विद्यार्थी रुग्णाचे व आपले बोलणे, मधली स्तब्धतादेखील, आठवून लिहितो आणि ती गटासमोर तपासली जाते. रुग्ण ‘मला भीती वाटते’ म्हणाल्यावर विद्यार्थ्याने लगेच प्रार्थनेचा प्रस्ताव ठेवला असेल, तर तो कोणाच्या सोयीसाठी होता, हे अशा चर्चेत विचारले जाते.

प्रत्यक्ष कामात वॉर्डांतील फेऱ्या, अतिदक्षता विभागाबाहेर नातेवाइकांसोबत बसणे, मृत नवजातासाठी नामकरण वा आशीर्वाद, रात्रीअपरात्री आलेली बोलावणी आणि नैतिकता समितीतील सहभाग यांचा समावेश होतो. रुग्णाचा धर्म वेगळा असल्यास त्याच्या धर्माच्या व्यक्तीस पाचारण केले जाते. धर्मप्रचार निषिद्ध आहे आणि रुग्ण भेट नाकारू शकतो. जर्मनीत १९१९ च्या वायमार संविधानाच्या कलम १४१ ने धर्मसंस्थांना रुग्णालयांत प्रवेश देतानाच कोणत्याही प्रकारची सक्ती वर्ज्य ठरवली, आणि हे कलम ‘मूलभूत कायदा’ या आजच्या जर्मन संविधानातही कायम आहे. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेत १९४८ पासून चॅप्लेन आहेत. नेदरलँड्समध्ये कोणताही धर्म न मानणारे मानवतावादी समुपदेशकही हेच काम करतात. तेथे पदनामातून धर्म जवळजवळ गळून पडला आहे. सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये लंडनमध्ये सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणासन्न रुग्णांची शुश्रूषा करणारे केंद्र, सुरू केले. शारीरिक, मानसिक, सामाजिक व आध्यात्मिक अशा चारही अंगांची मिळून होणारी ‘समग्र वेदना’ ही त्यांची संकल्पना या सेवेला वैद्यकाच्या भाषेत स्थान देणारी ठरली.

भेटीची नोंद रुग्णाच्या केसपेपरवर करावी की नाही, हा वाद अद्याप मिटलेला नाही. नोंद नसेल तर परिचारिका व डॉक्टरांना या कामाचा पत्ता लागत नाही. नोंद केली तर विश्वासाने सांगितलेली गोष्ट अनेकांच्या नजरेस पडते. भेट झाली, रुग्ण कशाने अस्वस्थ आहे आणि पुढे काय करावयाचे, एवढेच लिहून पापनिवेदनाचा मजकूर पूर्णतः वगळावा, हा मध्यममार्ग बहुधा अवलंबला जातो.

परिणामकारकतेचे मोजमाप अवघड आहे. प्रार्थनेवरील प्रयोगांचे निष्कर्ष चॅप्लेनसेवेला लावण्याचा मोह टाळावा. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, हृदयशस्त्रक्रियेच्या १,८०२ रुग्णांवरील अमेरिकन चाचणीत परक्यांनी केलेल्या प्रार्थनेचा लाभ दिसला नाही. पण तेथे खाटेपाशी बसून कोणी ऐकत नव्हते. केनेथ पार्गामेंट व सहकाऱ्यांचा २००१ मधील अभ्यास अधिक प्रस्तुत वाटतो. त्यात ५५ वर्षांवरील ५९६ रुग्णांपैकी ज्यांना देवाने आपल्याला टाकले असे वाटत होते, त्यांच्यात पुढील दोन वर्षांत मृत्यूचा धोका अधिक आढळला. हा संबंध कार्यकारणाचा असल्याचे त्यातून सिद्ध होत नाही, आणि अशा रुग्णाशी बोलल्याने धोका कमी होतो काय, हा प्रश्न त्या अभ्यासाच्या कक्षेत नव्हता.