जुनंच पायजे! डेस्कटॉप बदलण्याच्या खटपटीमागचा इतिहास

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा सपोर्ट थांबवला आणि विदर्भातल्या तालुक्याच्या गावांतल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानांना बरेच दिवस पुरेल एवढं काम मिळालं. दारव्हा घ्या, आर्वी घ्या, दर्यापूर घ्या. सेवा केंद्रवाले, झेरॉक्सवाले, कृषी केंद्रवाले, पतसंस्थेतले लिपिक विंडोज ११ टाकून घ्यायला येतात आणि मशीन परत नेताना एकच मागणी करतात: "भाऊ, ते स्टार्ट बटन डावीकडं करून दे. अन् मेनू पहिलेसारखा पायजे मले." बटन डावीकडं नेणं सोपं आहे, ती सोय सेटिंगमध्येच आहे. पहिल्यासारखा मेनू मात्र विंडोज देत नाही. तो बाहेरून आणून बसवावा लागतो.

बाहेरून आणून बसवण्याची ही विद्या तीस-पस्तीस वर्षं जुनी आहे. सुरुवातीला लोक ती शिकले ते आपला संगणक चारचौघांपेक्षा वेगळा दिसावा म्हणून. आज तीच विद्या कामी येते ती संगणक काल होता तसाच आजही राहावा म्हणून.

विंडोज ३.० मे १९९० मध्ये आलं. डॉसच्या काळ्या पडद्यावर 'विन' टाइप केलं की ते सुरू व्हायचं आणि समोर प्रोग्रॅम मॅनेजर यायचा: चौकटींच्या आत चौकटी आणि त्यांत मांडलेले आयकॉन. पाहणाऱ्याला वाटायचं, हेच विंडोज. प्रत्यक्षात प्रोग्रॅम मॅनेजर हाही इतरांसारखाच एक प्रोग्रॅम होता. सिस्टिम.आयएनआय नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये एक ओळ असायची: 'शेल=प्रोगमॅन.एक्सई'. नोटपॅडमध्ये ही फाइल उघडायची, त्या जागी दुसऱ्या प्रोग्रॅमचं नाव लिहायचं आणि विंडोज पुन्हा सुरू करायचं. आता समोर तो दुसरा प्रोग्रॅम. १९९१ मधलं नॉर्टन डेस्कटॉप याच वाटेनं प्रोग्रॅम मॅनेजरची जागा घ्यायचं.

थीम आणि शेल यांत लोक गल्लत करतात. थीम म्हणजे नुसतं रंगरूप, पोळ्याला बैलावर टाकलेली झूल. शेल म्हणजे ज्याच्यातून बाकी सगळं उघडायचं तो प्रोग्रॅम; तो बदलला म्हणजे धुरकरीच बदलला. बैल तेच, हाकणारा निराळा.

२४ ऑगस्ट १९९५ ला विंडोज ९५ आलं आणि प्रोग्रॅम मॅनेजरची गादी एक्सप्लोररकडे गेली. टास्कबार, स्टार्ट बटन, डेस्कटॉपवरचे आयकॉन, हे सगळं तेव्हापासून एक्सप्लोरर.एक्सई या एका प्रोग्रॅमचं राज्य आहे. ओळ तिथेच राहिली, फक्त नाव बदललं. एनटी, २००० आणि एक्सपी या विंडोजच्या आवृत्त्यांमध्ये ती रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या कोठारात, विनलॉगऑनच्या कप्प्यात असायची. विंडोज ९५ सोबत जुना प्रोग्रॅम मॅनेजरही येत होता, म्हणजे ज्याला नवं नको होतं त्याला जुन्याची वाट मोकळी होती. ही उदारता कंपनीनं पुढं सोडून द्यावी, हे मला अजून खटकतं.

याच ओळीच्या जोरावर नव्वदीच्या अखेरीस लाइटस्टेप उभं राहिलं. त्याची कुळी पाहण्यासारखी आहे. अ‍ॅपलमधून १९८५ मध्ये बाहेर पडल्यावर स्टीव्ह जॉब्सनं नेक्स्ट ही कंपनी काढली. तिच्या नेक्स्टस्टेप प्रणालीत पडद्याच्या कडेला उभी पट्टी असायची आणि तिच्यात चौकोनी आयकॉन. लिनक्स-युनिक्स या विंडोजहून वेगळ्या प्रणाली वापरणाऱ्यांनी त्या रूपाची नक्कल केली, ती आफ्टरस्टेप. आणि आफ्टरस्टेपची विंडोजवरची नक्कल म्हणजे लाइटस्टेप. एक्सप्लोररला पूर्ण बाजूला सारून ते बसायचं आणि स्टेप.आरसी नावाच्या फाइलमध्ये हातानं ओळी लिहून त्याचं रूप ठरवायचं. घड्याळ, पट्टी, मेनू, प्रत्येकाचं वेगळं मॉड्यूल. हवं ते जोडा, नको ते काढा. मूळ नेक्स्टस्टेप मात्र अ‍ॅपलनं नेक्स्ट विकत घेतल्यावर मॅक ओएस एक्सचा पाया बनलं. पुढं विंडोजवर मॅकसारखा डॉक, म्हणजे कडेची आयकॉनची पट्टी, बसवणाऱ्या पोरांना त्या डॉकचं हे घराणं ठाऊक नसायचं.

लाइटस्टेप, जिओशेल, ब्लॅकबॉक्स या शेलांची नावं आपल्या भागात फारशी पोचलीच नाहीत. नेट टेलिफोनच्या तारेवरून यायचं आणि कॉलचं बिल चढत राहायचं, तिथं हौसेखातर शेल उतरवणार कोण? पोचलं ते हलकंफुलकं. गाणी वाजवणारं विनअँप १९९७ मध्ये आलं आणि पुढं त्याला स्किन चढवता येऊ लागल्या. स्किन म्हणजे चित्रांच्या फाइलींचं एक छोटं गाठोडं, फ्लॉपीवरसुद्धा मावेल एवढं. कॅसेटच्या दुकानांनी एमपीथ्रीच्या सीड्या भरून द्यायला सुरुवात केली, तेव्हा दुकानदाराचं विनअँप कसं दिसतं याच्यावर दुकानाची शान ठरायची. वॉलपेपरवर शेगावचे गजानन महाराज, नाहीतर बाबासाहेब, नाहीतर राष्ट्रसंत. थीम, स्क्रीनसेव्हर आणि डॉक यायचे ते मासिकांसोबतच्या सीडीतून, आणि नंतर पेनड्राइव्हमधून.

खरी धामधूम झाली एक्सपीच्या काळात. ऑक्टोबर २००१ मध्ये आलेल्या एक्सपीत निळी पट्टी आणि हिरवं स्टार्ट बटन असलेली लुना थीम होती. हे रूप बदलता येईल अशी रचना तिच्यात होती, पण तिला कुलूप होतं: यूएक्सथीम.डीएलएल ही फाइल थीमवर मायक्रोसॉफ्टची डिजिटल सही आहे का ते तपासायची आणि नसेल तर थीम नाकारायची. जगभरच्या हौशी मंडळींनी ती तपासणी वगळणारा पॅच काढला. पण एक्सपी आपल्या महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत डीएलएलकॅश या फोल्डरमध्ये जपून ठेवायचं आणि मूळ फाइल बदललेली दिसली की जुनी परत आणायचं. म्हणून दोन्हीकडं बदल करावा लागे. त्यात चुकलं की खिडकी उघडून मूळ सीडी मागायचं. अन् मूळ सीडी आपल्याकडं कुणाच्या कपाटात होती?

२००७ च्या जानेवारीत व्हिस्टा बाजारात आलं. त्याच्या काचेसारख्या खिडक्यांना दमदार ग्राफिक्स कार्ड लागायचं. मग एक्सपीलाच व्हिस्टाचं रूप देणारे ट्रान्सफॉर्मेशन पॅक गावोगावी फिरले. २५६ एमबी रॅमच्या मशीनवर पॅक चढवायचा, कडेला रॉकेटडॉक लावायचं आणि मग वर्ड उघडायला इतका वेळ लागायचा की तेवढ्यात चहा होऊन जाई. भारनियमनाचे ते दिवस. पॅक सिस्टिमच्या फाइली बदलत असताना लाइट गेली, तर दुसऱ्या दिवशी सीपीयू खांद्यावर घेऊन तालुक्याला जाण्यावाचून गत्यंतर नसायचं. त्या काळातली बरीच दुकानं या पॅकांच्या कृपेनं चालली, असं म्हटलं तर फार वावगं होणार नाही.

हौसेच्या या गर्दीत एक बदल मात्र निव्वळ गरजेतून आलेला होता. युनिकोड अंगवळणी पडण्याआधी विदर्भातल्या कितीतरी टेबलांवर कृतीदेव चालायचा, अजूनही चालतो. या फाँटमध्ये अक्षर दिसतं मराठी, पण आत साठवलं जातं इंग्रजी कळीचं चिन्ह. म्हणून फाइलचं नाव कृतीदेवमध्ये टाइप केलं तर आयकॉनखाली इंग्रजी अक्षरांचा गिचका दिसायचा. त्यावर उपाय होता. डिस्प्ले प्रॉपर्टीजमधल्या अपिअरन्सच्या अ‍ॅडव्हान्स्ड खिडकीत जाऊन आयकॉनचा फाँटच कृतीदेव करायचा. मराठीत दिलेली नावं लगेच मराठीत दिसू लागत आणि मूळची इंग्रजी नावं वाचता येईनाशी होत. पण गोम पुढंच होती. कृतीदेवमध्ये 'ध' लिहायला तिरकी रेघ लागते, 'घ' ला प्रश्नचिन्ह, 'ढ' आणि 'झ' ला कोनाची दोन चिन्हं. नेमकी ही चिन्हं विंडोज फाइलच्या नावात घेत नाही. म्हणजे 'विदर्भ' नावाची फाइल करता यायची, 'वर्धा' नावाची नाही. 'घरकुल यादी' तर मुळीच नाही.

शेलच्या त्या ओळीचे दोन उपयोग हौसेबाहेरचेही झाले. एक सरळ होता: एक्सप्लोररच्या जागी एकच ठरावीक प्रोग्रॅम लिहून ठेवला की मशीन सुरू होताच तोच उघडतो आणि गिऱ्हाइकाला स्टार्ट मेनू दिसतच नाही. माहितीचे कियॉस्क याच युक्तीवर चालतात. दुसरा वाकडा होता. २००५ च्या सुमारास इंडोनेशियातून ब्रॉन्टॉक नावाचा व्हायरस निघाला, तो त्या ओळीत 'एक्सप्लोरर.एक्सई' च्या पुढं आपल्या फाइलचं नाव जोडून द्यायचा. म्हणजे विंडोज सुरू झालं की तोही सुरू. वरून फोल्डर ऑप्शन्स गायब आणि रजिस्ट्री एडिटर बंद, म्हणजे ओळ दुरुस्त करायची वाटच नाही. अँटिव्हायरसनं फाइल पुसली तरी ओळ मागं राहिली, की मशीन चालू करताना फाइल सापडत नसल्याचा निरोप यायचा. लोक ओके दाबून निमूटपणे कामाला लागत. पेनड्राइव्हच्या त्या जमान्यात हा निरोप कितीतरी पडद्यांवर सकाळच्या उदबत्तीसोबत दिसायचा.

उलटा प्रवास सुरू झाला तो विंडोज ७ पासून. एक्सपी आणि व्हिस्टात जुना, एका रांगेचा क्लासिक स्टार्ट मेनू निवडता यायचा. ७ मध्ये ती सोय गेली. २००९ मध्येच इव्हो बेल्चेव्ह या प्रोग्रॅमरनं क्लासिक शेल काढलं, तो मेनू परत आणायला. नावात शेल असलं तरी ते एक्सप्लोररला हटवत नाही, त्याच्यासोबत राहून फक्त मेनू बदलतं. पहिली काही वर्षं त्याचे चाहते मोजकेच होते. मग २६ ऑक्टोबर २०१२ ला विंडोज ८ आलं आणि त्यात स्टार्ट बटनच नव्हतं. पडदाभर रंगीत टाइल्स. सोबत राखाडी क्लासिक थीमही गेली, जी कमी रॅमच्या मशीनवर निमूट चालायची.

याचा धक्का इथं इतका का बसला, ते समजायला एमएस-सीआयटी आठवावी लागेल. एमकेसीएलनं २००१ मध्ये हा कोर्स सुरू केला आणि सरकारी नोकरीसाठी तो लागू लागल्यावर खेड्यापाड्यातली पोरं-पोरी एसटीनं तालुक्याला जाऊन तो करू लागली. त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी संगणक नव्हता. बटन कुठं, मेनू कुठं, ऑल प्रोग्रॅम्समध्ये अ‍ॅक्सेसरीज कुठं, हे वहीत लिहून पाठ केलेलं. पुढं हीच मंडळी ग्रामपंचायतीत, शाळेत, सेवा केंद्रात संगणकावर बसली. ज्याच्या काउंटरपुढं सातबारा, उत्पन्नाचा दाखला आणि पीकविम्याची रांग लागलेली आहे, त्याचा हात माउसवर आपोआप डाव्या कोपऱ्यात जातो. तिथं बटन नसेल तर रांग थांबते. "काऊन बदलवलं बापा यायनं?" हा प्रश्न तेव्हा खूप ऐकला. मायक्रोसॉफ्टनं २०१३ मध्ये ८.१ मध्ये बटन परत दिलं, मेनू मात्र दिला तो २०१५ च्या विंडोज १० मध्ये. मधली पोकळी क्लासिक शेलनं भरून काढली. ते फुकट होतं, हलकं होतं, आणि शिफ्ट दाबून बटनावर क्लिक केलं की विंडोजचा मूळ पडदाही उघडायचा, म्हणजे काही तोडफोड नाही.

फुकट असण्याची एक किंमत २०१६ च्या ऑगस्टमध्ये दिसली. क्लासिक शेल जिथून उतरवलं जायचं त्या फॉसहब संकेतस्थळावर घुसखोरी झाली आणि काही वेळ खऱ्या फाइलच्या जागी हार्डडिस्कचा बूट भाग बिघडवणारी फाइल मिळत होती. डिसेंबर २०१७ मध्ये बेल्चेव्हनं काम थांबवलं आणि सोर्स कोड खुला केला. स्वयंसेवकांनी तो पुढं नेला. आज ओपन-शेल नावानं मिळतं ते हेच.

लिनक्सवालेही यातून सुटले नाहीत. एप्रिल २०११ मध्ये ग्नोम या लिनक्सवरच्या डेस्कटॉपच्या तिसऱ्या आवृत्तीनं जुनी मांडणी मोडली, तेव्हा रागावलेल्यांनी जुन्या ग्नोमपासून माटे उभं केलं आणि लिनक्स मिंट या लिनक्सच्याच एका प्रकारानं सिनॅमन. मिंटवर दोन्हींत मेनू आहे तिथंच, खाली डावीकडं.

५ ऑक्टोबर २०२१ ला आलेल्या विंडोज ११ मध्ये टास्कबार नव्यानं लिहिलेला होता. तो वर किंवा बाजूला नेता येईना, आणि प्रत्येक खिडकीचं नाव वेगळं दाखवण्याची सोयही गेली. ही दुसरी सोय २०२३ मध्ये परत आली. तोवर जुना टास्कबार परत आणणाऱ्या एक्सप्लोररपॅचर आणि स्टार्टऑलबॅक यांनी बाजार मारला होता. ही साधनं थेट एक्सप्लोररच्या पोटात शिरतात, त्यामुळं विंडोजचा मोठा अपडेट आला की ती अडखळतात. २०२४ मध्ये तर विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीनं त्यांच्या जुन्या आवृत्त्या असलेल्या मशीनवर अपडेटच अडवून धरला होता. विंडहॉक हे आणखी नवं. ते डिस्कवरच्या सिस्टिम फाइलींना हात लावत नाही, चालू प्रोग्रॅममध्ये मेमरीतच छोटे मॉड, म्हणजे फेरफार, घालतं, आणि प्रत्येक मॉडचा सोर्स कोड बसवण्याआधी वाचता येतो. एक्सपीच्या काळातली डीएलएलकॅशची कसरत पाहिलेल्याला हे फार सभ्य वाटेल.

जुन्या मशीनचा प्रश्न मात्र वेगळा आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० हा सुरक्षेचा भाग मशीनमध्ये लागतो आणि आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक इंटेल प्रोसेसर त्याच्या यादीत नाहीत. नागपूरहून आणलेल्या सेकंडहँड डेस्कटॉपवर चालणारी दुकानं इथं अडकली आहेत. घरगुती वापराला मिंट चांगलं चालतं, त्याचा मेनू तर मागणीबरहुकूम आहे. पण सेवा केंद्रात अंगठ्याचं यंत्र, प्रिंटर, डिजिटल सहीचं टोकन हे सगळं जोडायचं असतं आणि यातल्या बऱ्याच उपकरणांचं सॉफ्टवेअर विंडोज धरूनच दिलेलं असतं. म्हणून तिथं विंडोजच टाकलं जातं, आणि त्यावर लगेच ओपन-शेल, एका रांगेचा मेनू निवडून.