केडीचा आकडा आला कुठून

देवगडपासून दापोलीपर्यंत कुठल्याही गावात संध्याकाळी मोबाईलवर बंदुकबाजीचा गेम खेळत बसलेल्या पोरांना नवा भिडू घ्यायचा असला की पहिला प्रश्न ठरलेला: "केडी किती तुझी?" आपण जितक्यांना मारलं त्याला आपण जितक्यांदा मेलो त्याने भागायचं, की झाली केडी, म्हणजे 'किल' भागिले 'डेथ'. तीन असेल तर पोरगा स्क्वाडमध्ये, पाऊण असेल तर बाहेर. हा निवाडा ज्या आकड्यावर होतो तो कोणीतरी बसून ठरवलेला असतो. काय मोजायचं, कुठे साठवायचं, कशाने भागायचं आणि मधेच नेट गेलं तर काय धरायचं, हे सगळं त्यात आलं. शेवटच्या प्रश्नाचा भुर्दंड आपल्या किनारपट्टीला जरा जास्तच पडतो.

गेम पार्लरमधल्या सुरुवातीच्या मशीनांना मोजणं जमत होतं, लक्षात ठेवणं जमत नव्हतं. १९७६ च्या 'सी वुल्फ'वर सर्वाधिक स्कोअर दिसू लागला. १९७८ च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'ने तो पडद्याच्या वरच्या बाजूला कायमचा बसवला आणि खेळणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सतत एक आव्हान राहिलं. पुढच्याच वर्षी 'स्टार फायर' आणि 'अ‍ॅस्टरॉइड्स'वर नावाची आद्याक्षरं टाकायची सोय आली. पण 'अ‍ॅस्टरॉइड्स'ची ती यादी वीज असेपर्यंतच टिकायची. मशीन बंद केलं की पाटी कोरी. शिवाय पडद्यावर जागा पाचच आकड्यांची, त्यामुळे ९९,९९० च्या पुढे गेलेला पट्टीचा खेळाडू पुन्हा शून्यावर यायचा. १९८० च्या 'पॅकमॅन'मध्ये लेव्हलचा आकडा ० ते २५५ एवढाच मावणाऱ्या कप्प्यात ठेवलेला होता. २५६ व्या लेव्हलला अर्धा पडदा अगम्य अक्षरांनी भरून जातो, त्याचं कारण तेच.

मशीन विसरतं म्हटल्यावर नोंद माणसाने ठेवायला घेतली. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात ऑटम्वा नावाचं छोटं गाव आहे. तिथे वॉल्टर डे यांनी १९८१ मध्ये 'ट्विन गॅलक्सीज' हे गेम पार्लर उघडलं आणि १९८२ पासून देशभरातल्या विक्रमांची यादी ठेवायला सुरुवात केली. मला हा टप्पा फार मोलाचा वाटतो. स्कोअर खरा आहे हे कोण सांगणार, त्याला साक्षीदार कोण, हा प्रश्न इथे पहिल्यांदा गांभीर्याने विचारला गेला. आज फोनने पाठवलेल्या आकड्यावर विश्वास न ठेवता सर्व्हर, म्हणजे गेम चालवणारा मधला संगणक, स्वतः हिशोब करतो, त्यामागेही तोच प्रश्न आहे.

कोकणात हे सगळं उशिरा आणि दुसऱ्या वाटेने आलं. जत्रेत नाहीतर एस.टी. स्टँडजवळच्या दुकानात ब्रिक गेम मिळायचा, पेन्सिल सेलवर चालणारा. सेल काढले की हायस्कोअर गेलाच. म्हणून पडदा पार फिका पडेपर्यंत पोरं सेल बदलायची नाहीत, आणि आकडा वहीच्या मागच्या पानावर उतरवून ठेवायची. टीव्हीला जोडायच्या कॅसेटवाल्या गेमचंही तेच. लाईट गेली की मारिओ पुन्हा पहिल्या लेव्हलला. तिकडे अमेरिकेत १९८७ सालीच 'झेल्डा' या गेमच्या सोनेरी कॅसेटमध्ये नोंद जपणारी छोटी बॅटरी बसवलेली होती.

खरी उलथापालथ लॉग फाइलने, म्हणजे घडेल ते ओळीने टिपून ठेवणाऱ्या फाइलने केली. १९९८ मध्ये आलेल्या 'हाफ-लाइफ'चा आणि त्यातूनच निघालेल्या 'काउंटर-स्ट्राइक'चा सर्व्हर प्रत्येक घटना एका ओळीत लिहू शकतो: कोणी, कोणाला, कुठल्या बंदुकीने मारलं. या साध्या मजकुरातून तक्ते काढणारे प्रोग्रॅम हौशी खेळाडूंनीच लिहिले. तयार बेरीज न ठेवता मुळातली घटना ठेवायची, हा धडा तिथून मिळाला. घटना हाताशी असल्या की सूत्र उद्या बदललं तरी जुन्या सामन्यांचा हिशोब नव्याने करता येतो. नुसती बेरीज ठेवली असेल तर हात बांधले जातात. २००४ च्या 'हेलो २'ने असे सामन्यागणिक तपशील थेट कंपनीच्या वेबसाइटवर आणून ठेवले.

आता भागाकाराकडे. मे महिन्यात टेनिस बॉलच्या स्पर्धेत मंडपाखाली बसून वही सांभाळणाऱ्या कुठल्याही स्कोअररला हे पाठ असतं की सरासरी काढताना धावांना डावांनी भागायचं नसतं, बाद झालेल्या वेळांनी भागायचं असतं. ब्रॅडमनच्या कसोटी धावा ६,९९६, डाव ८०, त्यातले १० नाबाद. ७० ने भागल्यावर ९९.९४ येतात; ८० ने भागलं असतं तर ८७.४५ आले असते. माणूस तोच, धावा त्याच. केडीची घडण अगदी हीच आहे. त्यामुळे तिच्यात नाबाद राहण्याचा मोहसुद्धा आला: कोपऱ्यात दबा धरून बसा, मरू नका, आकडा फुगवा. एकदाही न मेलेल्याच्या बाबतीत तर भागाकारच होत नाही, तिथे शून्याच्या जागी एक धरण्यासारखी काहीतरी तोड काढावी लागते. मृत्यूंऐवजी सामन्यांनी भागलं तर दबा धरून बसण्याचा फायदा जातो, पण मग टिकून राहण्याचं कसबही हिशोबातून निसटतं.

रँकची परंपरा मात्र बुद्धिबळातून आली. अर्पाद एलो या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांची खेळाडूची ताकद गुणांत मोजणारी पद्धत अमेरिकी बुद्धिबळ महासंघाने १९६० मध्ये आणि फिडे या जागतिक महासंघाने १९७० मध्ये स्वीकारली. दोघांच्या या रेटिंगमध्ये ४०० चं अंतर असलं तर वरचढ खेळाडूकडून अकरा डावांत सुमारे दहा गुणांची (जिंकल्यास एक, बरोबरीला अर्धा) अपेक्षा धरतात. २००५ मध्ये एक्सबॉक्स ३६० या गेमच्या यंत्राबरोबर मायक्रोसॉफ्टची 'ट्रूस्किल' पद्धत आली. ती प्रत्येक खेळाडूसाठी दोन आकडे ठेवते: अंदाजे कौशल्य, सुरुवातीला २५, आणि त्या अंदाजातली अनिश्चितता, २५ चा एक तृतीयांश. दाखवायचा आकडा म्हणजे कौशल्यातून अनिश्चिततेची तिप्पट वजा. म्हणून नवखा शून्यावर सुरू होतो आणि खेळेल तसा वर येतो. मला यातला प्रामाणिकपणा आवडतो. आपल्याला अजून खात्री नाही हे ती पद्धत स्वतःच मोजते.

आणि मग नेट. हरायला लागलं की मधेच बाहेर पडून आकडा वाचवणारे महाभाग ऑनलाइन खेळाच्या आरंभापासून आहेत. त्यांना चाप लावायला सामना सोडला की हार धरायची, वर दंडही करायचा, असा नियम बऱ्याच गेमनी केला. पण रागाने बाहेर पडलेला कोण आणि टॉवर बंद पडल्याने तुटलेला कोण, हे सर्व्हरला सहजी कळत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडच्या कितीतरी गावांत दिवसचे दिवस वीज नव्हती. एरवीही पहिल्या पावसात लाईट जाते, गणपतीत चाकरमानी आले की रेंज रडकुंडीला येते, खाली वाडीत राहणाऱ्याला सड्यावर चढावं लागतं. अशा ठिकाणच्या मुलाचा रँक त्याच्या हातापेक्षा टॉवरबद्दल जास्त सांगतो, आणि हा अन्याय आहे.

उपाय अवघड नाहीत. सामना तुटणं हा हार-जीतीहून वेगळा शेवट म्हणून नोंदवायचा. परत जोडून घ्यायला वेळ द्यायचा. प्रत्येक घटनेला स्वतःचा क्रमांक द्यायचा, म्हणजे रेंज आल्यावर फोनने तीच घटना पुन्हा पाठवली तरी ती दोनदा मोजली जात नाही. एकाच टॉवरवरचे अनेक खेळाडू एकदम तुटले तर दंड आपोआप थांबवायचा.

अलीकडे कायदाही या हिशोबात आला आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण मूल धरला आहे. त्याचा डेटा वापरायला पालकांची पडताळलेली संमती हवी असं त्या कायद्यात म्हटलं आहे आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवायला मनाई केली आहे. आठवी-नववीतल्या मुलाने किती सामने जिंकले हे ठेवणं एक. तो रात्री किती वाजता खेळतो, हरल्यावर किती वेळाने परत येतो, कशाच्या मोहाने पैसे खर्च करतो हे टिपत राहणं अगदीच दुसरं. नवा गेम बांधणाऱ्याने ही रेघ पहिल्याच दिवशी, तक्त्यात रकाने आखतानाच ओढायला हवी. नंतर रकाना पुसता येतो, पण त्या रकान्याच्या जोरावर घेतलेले निर्णय तोवर गेममध्ये मुरलेले असतात.