झाकणाच्या बिळातला कोळी माणसावर धावत नाही

'जमिनीत झाकण लावून राहणारा कोळी माणसावर झडप घालतो, चावला की माणूस दगावतो,' असा मेसेज नागपुरात पावसाळ्यात फिरतो. तसं नाही. मादी जवळजवळ सगळं आयुष्य एकाच बिळात काढते आणि झाकणाआडून जवळचे किडे धरते. बाहेर फिरणारा बहुधा मादी शोधणारा नर असतो. जीवघेणा म्हणून ओळखला जातो तो सिडनी फनेल-वेब हा दुसराच कोळी, आणि तो ऑस्ट्रेलियातला.

पडताळायचं तर नागपुरातल्या सेमिनरी हिल्ससारख्या ठिकाणी पायवाटेकाठचा मातीचा उतार न्याहाळा. माती आणि रेशमाचं, एका कडेला बिजागरीसारखं जोडलेलं झाकण सापडलं तर काडीने हलकेच उचलून बघा. कोळी बहुतेकदा ते आतून ओढून धरतो!

वेगवेगळ्या जाती जमवायच्यात? फोटो जमवा. बीळ मात्र खणू नका, वर्षानुवर्षांचं घर मोडतं.