वैद्यकीय महाविद्यालयातील जैववैद्यकीय संशोधन (बडोदे)

विद्यापीठाशी संलग्न वैद्यकीय महाविद्यालयात रुग्ण, रक्त-लघवीचे नमुने, प्राणी किंवा नोंदी यांवर होणारा शास्त्रीय अभ्यास, आणि त्यासाठी लागणाऱ्या प्रयोगशाळा, समित्या, ग्रंथालय व माणसे. बडोद्यात हे काम मुख्यतः १९४९ साली सुरू झालेल्या बडोदा मेडिकल कॉलेजात आणि त्याला जोडलेल्या सर सयाजीराव जनरल हॉस्पिटलात चालते. लोक त्याला नुसते ‘एसएसजी’ म्हणतात. पदवी महाराजा सयाजीराव विद्यापीठाची, रुग्णालय राज्य सरकारचे. महागडी यंत्रे विकत घेता येतात, पण रोज भरणारी ओपीडी आणि तिचे केसपेपर विकत मिळत नाहीत. म्हणून अशा ठिकाणची खरी साधनसामग्री तीच. शिवाय अलेंबिक या औषध कंपनीपासून (१९०७) या शहराला औषधनिर्मितीची परंपरा आहे, आणि विद्यापीठाचे हंसा मेहता ग्रंथालय हाताशी आहे.

बहुतेक संशोधन एमडी-एमएसच्या थिसिसपोटी होते. अभ्यासक्रम तीन वर्षांचा असला तरी सिनॉप्सिस (अभ्यासाचा आराखडा) व मंजुरीत सुरुवातीचे महिने जातात, आणि परीक्षेआधी किमान सहा महिने थिसिस सादर करावा लागतो. रुग्ण गोळा करायला प्रत्यक्षात वर्ष-दीड वर्ष उरते. विषय निवडताना हा हिशेब आधी मांडावा. महिन्याला दोन रुग्ण येणाऱ्या आजारावर शंभरांचा अभ्यास लिहून ठेवणे ही नेहमीची चूक. गाईडने ती पहिल्याच बैठकीत पकडली नाही, तर पुढे आकडे ‘जमवण्याचा’ मोह होतो.

नमुनासंख्या ठरवण्याचे सर्वांत वापरातले सूत्र ४पीक्यू/डी वर्ग हे आहे (पी म्हणजे आजाराचे टक्क्यांतले प्रमाण, क्यू म्हणजे शंभरातून पी वजा करून उरलेले, डी म्हणजे चालवून घेतलेली चूक). एखाद्या आजाराचे प्रमाण ३० टक्के धरले आणि ५ टक्के चूक चालवून घेतली, तर ४ × ३० × ७० भागिले २५, म्हणजे ३३६. दहा टक्के लोक मध्येच गळतील असे धरले, तर ३३६ ला ०.९ ने भागून ३७४ घ्यावे लागतात. अनेक जण ३३६ मध्ये दहा टक्के मिळवून ३७० लिहितात. पण ३७० मधून दहा टक्के गळाले की हातात ३३३ राहतात. चूक तिघांचीच, पण तिच्यावरून सूत्र समजले आहे की नुसते उतरवले आहे ते कळते.

त्यानंतर एथिक्स कमिटी, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासून मंजुरी देणारी समिती. २०१९ च्या नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायल नियमांनुसार तिच्यात किमान सात सदस्य लागतात. निम्मे तरी संस्थेबाहेरचे हवेत आणि अध्यक्षही बाहेरचा. कायदेतज्ज्ञ, सामान्य नागरिक आणि किमान एक स्त्री सदस्य हवी. नव्या औषधाच्या चाचणीसाठी कमिटीची नोंदणी केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडे असते, तर इतर जैववैद्यकीय संशोधनासाठी आरोग्य संशोधन विभागाकडे. या दोन नोंदणींची गल्लत पुष्कळ होते. उपचारांची तुलना करणारा अभ्यास असेल तर सीटीआरआयवर (क्लिनिकल ट्रायलच्या भारतीय नोंदवहीत) नोंद पहिला रुग्ण घेण्याआधी झाली पाहिजे. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंद स्वीकारली जात नाही. प्राण्यांवरील प्रयोगांची कमिटी वेगळी.

संमतिपत्र हा बडोद्यात जरा गुंतागुंतीचा विषय आहे. गुजराती, हिंदी आणि मराठी अशा तिन्ही प्रती ठेवणे योग्य. पण दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या मराठी घरांत भाषा आणि लिपी यांची जोडी ठरलेली नसते. आजोबा बाळबोध लिपीतले मराठी सहज वाचतात. घरात मराठीच बोलणारा नातू गुजराती शाळेत शिकलेला असतो, आणि त्याला गुजराती कागद सोपा जातो. म्हणून ‘मातृभाषा कोणती?’ एवढेच न विचारता ‘वाचायला कोणता कागद देऊ?’ असे विचारावे. दुसरा धोका भाषांतराचा. हिंदी मसुद्यातले ‘मुझे कोई आपत्ति नहीं’ मराठीत ‘मला कोणतीही आपत्ती नाही’ असे उतरले, की आपल्यावर कसले संकट येणार होते असा प्रश्न रुग्णाला पडतो. तिथे ‘हरकत नाही’ हवे. ‘प्लासिबो’ला प्रतिशब्द शोधत बसण्यापेक्षा ‘तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी’ असे सरळ लिहावे. भाषांतर झाले की मूळ मसुदा न पाहिलेल्या माणसाकडून ते उलट मूळ भाषेत करून घेतात आणि दोन्ही ताडून पाहतात. वाचता न येणाऱ्या रुग्णाचा अंगठा घेताना निःपक्षपाती साक्षीदार समोर असावा. त्याच वॉर्डातला रेसिडेंट (एमडी-एमएस करणारा डॉक्टर) हा निःपक्षपाती साक्षीदार नव्हे.

नमुना बहुतेक वेळा यंत्रात शिरण्याआधीच बिघडतो. रक्त आधी निळ्या झाकणाच्या सायट्रेट नळीत, मग सिरमसाठीच्या (रक्त गोठल्यावर सुटणाऱ्या द्रवासाठीच्या) लाल किंवा पिवळ्या, त्यानंतर जांभळ्या ईडीटीए आणि शेवटी साखर घटू न देणाऱ्या करड्या फ्लोराइड नळीत भरतात. सायट्रेट आणि ईडीटीए ही रक्त गोठू न देणारी रसायने. क्रम उलटला आणि ईडीटीएचा थेंब सिरमच्या नळीत गेला, तर पोटॅशियम खोटे वाढलेले आणि कॅल्शियम खोटे घटलेले दिसते. निळ्या नळीत सायट्रेटचा एक भाग आणि रक्ताचे नऊ भाग, म्हणजे ०.३ मिलिलिटरला २.७ मिलिलिटर, हे प्रमाण असते. नळी अर्धीच भरली तर रक्त गोठण्याचा वेळ विनाकारण लांबलेला येतो. सिरमसाठी रक्त साधारण अर्धा तास गोठू द्यावे, मग सेंट्रिफ्यूज करावे, म्हणजे यंत्रात वेगाने फिरवून सिरम वेगळे काढावे. घाई केली तर सिरममध्ये फायब्रिनचे (गोठण्यातून बनणाऱ्या प्रथिनाचे) धागे राहतात आणि यंत्राची सुई तुंबते. वेगळे न करता ठेवलेल्या रक्तातली साखर तासाला सुमारे ५ ते ७ टक्के घटते. दुपारच्या ओपीडीतले नमुने वॉर्डबॉय संध्याकाळी एकत्र नेणार असेल, तर साखरेच्या अभ्यासाला करड्या नळीवाचून गत्यंतर नाही.

साठवणीला उणे ८० अंशांचा डीप फ्रीझर वापरतात. सिरम अर्ध्या-अर्ध्या मिलिलिटरच्या छोट्या नळ्यांत विभागून ठेवावे, कारण एकच नळी वारंवार वितळवली-गोठवली की प्रथिने बिघडतात. साध्या गोंदाचे लेबल त्या थंडीत सुटून पडते आणि जेल पेनची शाई स्पिरिटने पुसली जाते. म्हणून क्रायो-लेबल (अतिथंडीत टिकणारे लेबल) लावतात आणि डब्याचा नकाशा वहीत वेगळा ठेवतात. फ्रीझर आतली उष्णता बाहेर टाकतो, त्यामुळे मे महिन्यात बंद खोलीचा एसी गेला की कॉम्प्रेसरही दमतो. दाराच्या रबरावर साचलेला बर्फ दर आठवड्याला काढावा, आणि जनरेटर सुरू झाल्यावर फ्रीझर खरोखर चालू झाला का ते जाऊन पाहावे. अलार्म वाजला तरी रात्री ऐकायला कोणी असतेच असे नाही.

पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची दोन महिन्यांची अल्पकालीन शिष्यवृत्ती आहे, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना व शिक्षकांना जैववैद्यकीय संशोधनाचा ऑनलाइन मूलभूत अभ्यासक्रम करावा लागतो. त्यातून शब्दांची ओळख होते, हात बसतो तो वॉर्डातच.

काम संपल्यावर उरलेल्या नमुन्यांचा प्रश्न येतो. पुढच्या संशोधनासाठी ते ठेवायचे असतील तर संमतिपत्रात तशी वेगळी परवानगी हवी. ती नसेल तर, नमुने कितीही दुर्मीळ असले तरी, वापरता येत नाहीत. पास होऊन गेलेल्या रेसिडेंटचे बेवारशी डबे फ्रीझरची जागा अडवून बसतात ते यामुळेच. जंतूंचे नमुने आणि कल्चर (प्रयोगशाळेत वाढवलेले जंतू) १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह करून, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करून, मगच पिवळ्या पिशवीत जातात. प्रक्रिया न केलेला जैववैद्यकीय कचरा २०१६ च्या नियमांप्रमाणे सर्वसाधारणपणे ४८ तासांपेक्षा जास्त साठवता येत नाही.