लँट्विट मेजरचे कोरीव क्रूस

लँट्विट मेजरचे कोरीव क्रूस : वेल्सच्या दक्षिण किनाऱ्याजवळील लँट्विट मेजर या गावच्या सेंट इल्तिद पॅरिश चर्चमध्ये जतन केलेले शिलाक्रूस आणि स्तंभ. यांतील महत्त्वाचे दगड मुख्यतः इसवी सनाच्या नवव्या-दहाव्या शतकांतले आहेत. गाव कार्डिफच्या पश्चिमेला सुमारे २५ किलोमीटरवर असून त्याचे वेल्श नाव लानिल्तिद वाउर. ‘लान’ म्हणजे मुळात कुंपण घातलेली जागा, पुढे त्या जागेतले चर्च. ‘वाउर’ म्हणजे थोरले, आपल्याकडच्या ‘बुद्रुक’सारखे.

नावातला इल्तिद हा इ. स. ५०० च्या सुमाराचा संत. त्याने येथे मठ आणि विद्यापीठ उभारले. पुढे ब्रिटनीत (फ्रान्सच्या वायव्येकडील प्रदेश) जाऊन तेथल्या डोल गावचा संत म्हणून ओळखला गेलेला सॅमसन त्याचा शिष्य होता, आणि सॅमसनच्या सर्वांत जुन्या लॅटिन चरित्रात इल्तिदचे वर्णन सगळ्या ब्रिटनांतला सर्वांत विद्वान पुरुष असे आहे. जुना ब्रिटिश लेखक गिल्डास आणि वेल्सचा राष्ट्रीय संत सेंट डेव्हिड यांनाही परंपरा येथेच शिकवते. ती तशी कोणत्याही प्रसिद्ध मठाला उदारच असते. त्या मठाची एकही भिंत आज उभी नाही. सध्याचे चर्च नॉर्मन (इ. स. १०६६ नंतरच्या) आणि त्यापुढच्या काळातले. त्यामुळे नॉर्मनपूर्व मठाचे डोळ्यांना दिसणारे अवशेष म्हणजे हे दगडच, आणि त्यांचे खरे मोल नक्षीइतकेच त्यांवरच्या अक्षरांत आहे.

सर्वांत देखणा दगड हौएल्टचा क्रूस. पुरुषभर उंचीच्या या शिळेचे डोके चाकासारखे गोल आहे. त्याच्यावर आणि खालच्या दांड्यावर काटकोनात वळत जाणाऱ्या रेषांची जाळी आणि गोफ कोरलेले आहेत. एखादी पट्टी धरून बोट फिरवत गेले तर ती एकदा वरून, एकदा खालून अशी शिस्तीत जाते. तळाशी एक चौकट, आणि तिच्यात गोलसर अक्षरांत लॅटिन लेख : देवपिता आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने हा क्रूस हौएल्टने आपला पिता रेस याच्या आत्म्यासाठी तयार केला. हौएल्ट म्हणजे ग्लिविसिंग या दक्षिण वेल्समधल्या राज्याचा राजा हावेल आप रीस, असे बहुतेक अभ्यासक मानतात. इंग्लंडमधील वेसेक्सचा राजा आल्फ्रेड याचा चरित्रकार, स्वतः वेल्श असलेला ॲसर, याच हावेलचा उल्लेख करतो : मर्सिया या मध्य इंग्लंडमधल्या राज्याच्या सरदाराच्या जाचाला कंटाळून तो आल्फ्रेडच्या आश्रयाला आला. म्हणजे क्रूस नवव्या शतकाच्या उत्तरार्धातला.

लेखाचे लॅटिन मात्र धड नाही. सुरुवातीलाच ‘इन नोमिने’च्या जागी ‘नि इनोमिने’ झाले आहे. ‘सांक्ती’चे ‘सांत्दी’, ‘एइउस’चे ‘एउस’, आणि ‘प्रेपाराविट’ (तयार केला) याचे चक्क ‘प्रोपेराबिट’. हा निव्वळ अडाणीपणा म्हणून सोडून देणे सोपे आहे, पण या चुकांनाही काही सांगायचे असते. ‘व’च्या जागी ‘ब’ येतो तो कानावर ऐकलेल्या उच्चारामुळे. ‘नि’ आणि ‘इन’ यांची उलटापालट मात्र हाताची, समोरचा कच्चा मजकूर बघून अक्षर-अक्षर कोरत जाणाऱ्याची. राजाच्या दगडावरही ती तशीच राहिली.

दुसरा दगड मठाधिपती सॅमसनचा स्तंभ, सुमारे पावणेतीन मीटर उंच. त्याच्या एका अंगावर वरपासून खालपर्यंत तुटक-तुटक ओळींत लेख उतरतो : परमोच्च देवाच्या नावाने तारणहाराचा क्रूस येथे सुरू होतो, तो मठाधिपती सॅमसनने स्वतःच्या आत्म्यासाठी, तसेच राजा इउथाहेल, आर्टमाल आणि टेकान यांच्या आत्म्यांसाठी तयार केला. यातला ‘इंकिपिट’, म्हणजे ‘सुरू होतो’, हा शब्द थांबून पाहण्यासारखा आहे. हस्तलिखित पोथीच्या आरंभी ‘येथे अमुक ग्रंथ सुरू होतो’ असे लिहिण्याची जी रीत, तीच येथे दगडावर आली. क्रूस काही ‘सुरू’ होत नसतो; पण मजकूर रचणाऱ्याचा हात पोथ्यांवर बसलेला होता. शेवटचे ‘टेकानी’ हे विशेषनाम की चर्चमधील एक पद, यावर मतभेद आहेत. इउथाहेल हा ८४८ मध्ये मारला गेलेला, आग्नेय वेल्समधल्या ग्वेंटचा राजा इथेल असावा, असे सामान्यतः समजतात. तसे असेल तर लेखातला सॅमसन हा इल्तिदचा शिष्य नव्हे. जुन्या हौशी संशोधकांनी ही गल्लत आवर्जून केली आहे.

सॅमसन हे नाव तिसऱ्या दगडावरही येते. त्याचे शीर्ष हरवले असून दांडा तेवढा उरला आहे. एका बाजूला ‘सॅमसनने हा क्रूस आपल्या आत्म्यासाठी उभारला’ असा मजकूर, तर दुसऱ्या बाजूला इल्तिद, सॅमसन, सॅम्युएल आणि एबिसार ही नावे. एबिसार हे नाव जवळच्याच कोइचर्च येथील एका दगडावरही सापडते. याखेरीज एक गोल स्तंभ आहे. त्याच्या पाठीमागे वरपासून खालपर्यंत खोल खोबण खणलेली आहे. ती कशासाठी, याचे सर्वमान्य उत्तर नाही.

मठाधिपतीच्या स्तंभाची पुढची हकिकत योलो मॉर्गनुग याच्याकडून येते. एडवर्ड विल्यम्स (१७४७–१८२६) हे त्याचे मूळ नाव. धंद्याने तो पाथरवट, वृत्तीने कवी. लहानपणी त्याने गावातल्या एका म्हाताऱ्याकडून ऐकले होते, की विल नावाच्या अवाढव्य देहाच्या एका तरुणाला त्याच्या इच्छेप्रमाणे या उभ्या दगडाशेजारी पुरायला घेतले, तर लांबलचक खड्ड्यामुळे दगडाचा आधार सुटला आणि दगडच खड्ड्यात कोसळला. लोकांनी तो तसाच बुजवला. योलोने १७८९ मध्ये ती जागा खणून दगड वर काढला. गंमत अशी की जुनी वेल्श काव्ये आणि परंपरा म्हणून स्वतःचेच लेखन खपवणारा हा माणूस पुढे ‘बनावटकार’ म्हणून कुप्रसिद्ध झाला. विलच्या गोष्टीवर किती विश्वास ठेवायचा ते ज्याचे त्याने ठरवावे. दगड मात्र अस्सल निघाला. कोरीव कामाची पारख त्याला धंद्यामुळे होतीच.

हे दगड मुळात उघड्यावर उभे होते. ऊनपावसापासून जपण्यासाठी ते पुढे चर्चच्या आत हलवले गेले. चर्चच्या पश्चिम टोकाला तेराव्या शतकातले गॅलिली चॅपेल कित्येक शतके छपराविना पडले होते. त्याची पुन्हा उभारणी करून २०१३ मध्ये हे क्रूस तेथे मांडण्यात आले. आता त्यांच्याभोवती फिरून चारही बाजू पाहता येतात, आणि कडेने पडणाऱ्या प्रकाशात झिजलेली अक्षरेही बऱ्यापैकी उठून दिसतात.